आठ मैलांवरचं स्वयंपाकघर

पडदा वर जातो. समोर एक लांबट खोली. डावीकडे चालण्याच्या सरावाचे दोन समांतर दांडे, उजवीकडे लुटुपुटूचं स्वयंपाकघर, आणि मधोमध चाकांच्या खुर्चीत एक म्हातारा. डोक्यावर गुराख्याची रुंद टोपी. अंगातल्या शर्टाची फक्त उजवी बाही चढवलेली. डावी पाठीमागे लोंबतेय आणि म्हाताऱ्याला त्याचा पत्ताच नाही. मागच्या मोठ्या खिडकीत धान्याची उंच कोठी आणि मार्च महिन्यातला वारा. वारा काही दिसत नाही, पण अंगणातली प्लॅस्टिकची खुर्ची खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपली आपण पळत जाते, तेवढ्यावरून समजून घ्यायचं. कोपऱ्यात खुब्याचं मोडलेलं हाड जोडून घेतलेली मी. मला या प्रवेशात संवाद नाहीत.

दार उघडतं आणि शेल्बी स्पर्लॉक आत येते.

वय चोवीस. केस ओले, बुटाची एक नाडी सुटलेली, हातात एक पारदर्शक फाइल छातीशी धरलेली. तंबूतल्या नाटकांबरोबर मी चाळीस वर्षं गावोगाव फिरले. पहिल्या दिवसाचा माणूस मला पाठमोरा असला तरी ओळखू येतो.

"गुड मॉर्निंग! मी शेल्बी, तुमची नवी ऑक्युपेशनल थेरपिस्ट."

"जुनी कुठं गेली?" म्हातारा म्हणाला. हा ऑर्विल ड्वोराचेक, वय एक्याऐंशी, आयुष्यभर गुरं पाळलेला.

"बाळंतपणाला गेल्यात."

"मग तू किती दिवस?"

"तेरा आठवडे, सर."

"तेवढ्यात बिल्डिंगमधले संडाससुद्धा सापडत नाहीत," ऑर्विल म्हणाला. "कुठली गं तू?"

"केंटकीची."

झालं. त्या क्षणापासून तिचं नाव केंटकी पडलं.

कॉर्विन हे आमचं गाव नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये आहे. गावाचं एकुलतं एक शुश्रूषागृह हायवेला लागून. ऑपरेशन झालेली, अर्धांगाचा झटका आलेली माणसं इथं काही आठवडे राहतात आणि पुन्हा आपल्या पायांवर घरी जातात. जी जात नाहीत त्यांच्यासाठी मागची विंग आहे. फिजिओथेरपिस्ट आम्हाला चालवतो. शेल्बीचं काम त्याच्या पुढचं. चालत जाऊन करायचं काय, ते ती शिकवायची. सदरा घालणं, अंडं फोडणं, एकट्यानं आंघोळ करून एकट्यानं बाहेर येणं. माणूस घरी एकटा राहू शकतो की नाही, त्या कागदावर सही तिची.

दुपारी माझी पाळी आली तेव्हा तिनं मला ती फाइल दाखवली. न विचारता दाखवली, म्हणून मला ती आवडली. आत परवाना होता. नेब्रास्का राज्याचा, चार आठवड्यांपूर्वीचा.

"राष्ट्रीय परीक्षा पहिल्यांदा नऊ गुणांनी गेली, मिस ऑपल," ती म्हणाली. तिच्याकडे मोठ्या बाईला अशीच हाक मारतात. "दुसऱ्यांदा पास झाले. पण परीक्षा पास म्हणजे काम सुरू असं नाही. परवाना ज्या त्या राज्याचा. केंटकीचा केंटकीत चालतो, इथला इथं. फिरत्या थेरपिस्टला प्रत्येक राज्यात पुन्हा अर्ज, पुन्हा कॉलेजचे दाखले, पुन्हा शपथपत्र, पुन्हा वाट बघणं. हा परवाना आला तेव्हा मी गॅरेजमध्ये होते. आमच्या मावशीनं एवढी किंकाळी फोडली, की शेजारी धावून आले."

"आणि परवान्याशिवाय काम केलं तर?"

ती एकदम गंभीर झाली. "तर परवाना जातो. एका राज्यात गेला की बाकीच्यांनाही कळतं. सगळ्यांची दप्तरं एकमेकांना जोडलेली आहेत. मग मी भाजीच्या दुकानात."

फिरायची हौस कशी काय, असं मी विचारलं. तिच्या मामाला झटका आला होता. एक फिरती थेरपिस्ट तीन महिन्यांसाठी त्यांच्या गावात आली आणि तिनं मामाला एका हातानं घेवडा मोडायला शिकवलं. "ती कुठून आली, कुठं गेली, कुणालाच ठाऊक नाही. मामा अजून शेंगा मोडतो," शेल्बी म्हणाली. "आणि खरं सांगायचं तर, मी केंटकीच्या बाहेर आजवर तीनदाच गेलेय. त्यात दोनदा रस्ता चुकून."

पहिल्या आठवड्यात तिला बसलेले धक्के किरकोळ होते. पंचेचाळीस माणसं आणि या कामाची थेरपिस्ट एकटी तीच. शिकवणारं वरचं कुणी नाही. दर मिनिटाचा हिशेब यंत्रात भरायचा. कॉलेजात शिकवलेलं अर्धं निरुपयोगी, आणि उरलेलं अर्धं नेमकं विसरलेलं. गुरुवारी जेवणाच्या ताटात राजमा-खिम्याचं झणझणीत चिली आणि त्याच्या शेजारी साखरेच्या पाकातला दालचिनीचा रोल आला, तेव्हा तिनं चमचा खाली ठेवला.

"हे... एकत्र?"

आमचं सगळं टेबल तिच्याकडे वळलं. "मग काय वेगवेगळं खायचं?" ऑर्विल म्हणाला. "केंटकीत काय, माणसांना वळण लावत नाहीत का?"

त्याच टेबलावर तिनं ऑर्विलचं खरं दुखणं पकडलं. तो रोज तक्रार करायचा, की स्वयंपाकघरातले लोक त्याला अर्धंच ताट वाढतात. शेल्बी उठली आणि तिनं त्याचं ताट गर्रकन अर्धं फिरवलं.

"घ्या. हे उरलेलं अर्धं."

ऑर्विल ताटाकडे बघतच राहिला. झटक्यानंतर डावी बाजू त्याच्या लेखी उरलीच नव्हती. डोळे ठीक होते. पण डावीकडचं ताट, डावीकडची बाही, डावीकडचा दरवाजा, काहीच त्याच्या मनात शिरत नव्हतं. पुढचे दोन आठवडे ती त्याच्या डावीकडेच बसायची, डावीकडूनच बोलायची, डावीकडूनच त्याचा रोल चोरायची. चोरी पकडायला त्याला मान वळवावी लागे. हळूहळू ती वळायला लागली.

ऑर्विलला घरी जायचं होतं. बायको वारल्यापासून तो एकटा राहायचा. मुलगी मर्ना दूर ओमाहा शहरात शिक्षिका, ती सुट्टी काढून आली होती. विमा त्याच्या इथल्या मुक्कामाचे पैसे शुक्रवारपर्यंतच देणार होता. त्या दिवशी तो एक तर घरी जाणार होता, नाही तर मागच्या विंगमध्ये. म्हणून सोमवारी शेल्बी त्याला आणि मर्नाला घेऊन, शुश्रूषागृहाच्या गाडीतून त्याचं घर तपासायला निघाली. नव्या थेरपिस्टची ती पहिली घरभेट. पत्ता तिनं कागदपत्रांवरून घेतला होता. ऑर्विल ड्वोराचेक, मार्ग क्रमांक दोन, कॉर्विन, नेब्रास्का. उत्तरेला आठ मैल.

तिथं काय झालं ते ऑर्विलनं मला तीनदा सांगितलं, तिन्हीदा वेगळं. मर्नाशी ताडून जे उरलं ते सांगते.

घराच्या पायऱ्या तो चढला. बैठकीच्या खोलीतून नीट गेला. स्वयंपाकघरात आला आणि, मर्ना म्हणाली, त्याचा चेहराच बदलला. त्यानं किटली भरली, शेगडी पेटवली, कॉफीचा डबा शोधायला लागला. शेल्बी त्याच्या डाव्या अंगाला, एक हात त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर, दुसऱ्या हातात वही. प्रश्न ठरलेले होते.

"मिस्टर ऑर्विल, इथं एकटे असताना पडलात तर काय कराल?"

"शिव्या देईन."

"आणि त्यानंतर?"

"गळ्यातलं ते बटण दाबीन."

"छान. मग रुग्णवाहिका येईल कॉर्विनहून. आठ मैल म्हणजे साधारण दहा मिनिटं," तिनं लिहिता लिहिता म्हटलं.

"कॉर्विनची कशी येईल? ती नेब्रास्काची."

"म्हणजे?"

"मला उत्तरेकडून येते, तीस मैलांवरून. इथली."

"इथली म्हणजे कुठली?"

"साउथ डकोटाची," ऑर्विल म्हणाला. "तू साउथ डकोटात उभी आहेस, पोरी. मघाशी गाडी लोखंडी जाळीवरून खडखडली ना, गुरं अडवायची जाळी? तिथं नेब्रास्का संपलं."

मर्ना सांगते, की शेल्बीचं पेन हवेत होतं तिथंच राहिलं. चेहऱ्यावरचं रक्त असं उतरलं, की मर्नाला वाटलं आता वडिलांच्या आधी हीच पडते.

"पण पत्ता..."

"टपाल कॉर्विनहून येतं. आमच्या बाजूचं पोस्ट केव्हाच बंद झालं. कर इकडं, मत इकडं, पत्र तिकडून. साठ वर्षं असंच चाललंय."

यात कुणाची लबाडी नव्हती. आम्हा कॉर्विनच्या माणसांना ती हद्द दिसतच नाही. आम्ही तिकडच्या लग्नांना जातो, तिकडची माणसं इथं चर्चला येतात. मॅनेजरबाई, नर्सा, मी, मर्ना, सगळ्यांना ऑर्विलचं घर कुठं आहे ते ठाऊक होतं आणि एकीच्याही मनात आलं नाही. दोन राज्यं मधे आणणारी ती पहिलीच, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

किटली उकळायला लागली होती. ऑर्विल उभा होता, त्याचा डावा पाय डगमगत होता. आणि त्याच्या कमरेवर असलेला हात ज्या कागदाच्या जोरावर होता, तो कागद या स्वयंपाकघरात चालत नव्हता.

"मर्ना," शेल्बी म्हणाली, आवाज अगदी हळू, "इकडे या. माझ्या जागी उभ्या राहा. पट्टा घट्ट धरा. धरला? आता मी सोडतेय."

तिनं हात सोडला. वही मिटली. बाहेर जाऊन पायरीवर बसली. न्हाणीघर नाही, झोपायची खोली नाही, काही पाहिलं नाही. आत ऑर्विल ओरडत होता, "अगं, कॉफी तरी घे! कॉफीला परवाना लागत नाही!"

ती परत आली तेव्हा मी पायानं फिरवायच्या चाकावर बसले होते. तिनं दार लावून घेतलं, तिला इथं कामावर पाठवणाऱ्या एजन्सीच्या माणसाला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवला.  मॅनेजरबाई जॅनेल तिथंच उभ्या होत्या. मी चाक फिरवायचं थांबवलं, कारण ते करकरायचं.

फोनवर ट्रेंट. हसरा आवाज, अशा माणसांना असतो तसा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ओके. यात प्रॉब्लेम काय आहे?"

"मी परवान्याशिवाय काम केलं, ट्रेंट."

"कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं."

"शेल्बी, ऐक. कागदावरचा पत्ता नेब्रास्काचा आहे. रिपोर्टात तोच लिही. खोटं एक अक्षर लिहू नकोस. फक्त पत्ता लिही."

जॅनेलबाईंनी मान डोलावली. त्या वाईट बाई नव्हत्या. "अगं, पत्ता खराच आहे ना?" त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत रिपोर्ट नाही मिळाला तर ऑर्विल मागच्या विंगमध्ये जाईल. मग त्याला बाहेर काढणं माझ्या हातात नाही."

"तिथं पत्रं जातात हो, जॅनेल. मी काय पत्र आहे का?"

"बरं, मग काय करणार आहेस?" ट्रेंटचा आवाज आता हसरा नव्हता.

"दोन्ही राज्यांच्या परवाना देणाऱ्या मंडळांना लिहिणार. काय झालं, किती वेळ झालं, सगळं."

 

"तुला वेड लागलंय," ट्रेंट म्हणाला. "दोन महिनेही न झालेला परवाना आहे तुझा. आपणहून लिहितेस? ते तुला विचारायलासुद्धा आले नसते! काँट्रॅक्ट रद्द होऊ शकतं, समजतंय का? पुढं कुठलंच राज्य तुला घेणार नाही."

"समजतंय."

"मग कशाला?"

"कारण पुढच्या प्रत्येक राज्याच्या अर्जात विचारतात, विनापरवाना काम कधी केलंत का. खाली शपथेवर सही असते. मला अजून चाळीस वर्षं सह्या करायच्या आहेत."

त्यानं फोन ठेवला. जॅनेलबाई बाहेर गेल्या. शेल्बी लुटुपुटूच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला उचकी लागली. रडू नाही, उचकी. मीही हबकून गेले होते. मी तिच्या जागी असते तर? मी पत्ता लिहिला असता. खरं तेच सांगते. मी पत्ता लिहिला असता आणि रात्री गाढ झोपले असते.

तिनं दोन्ही पत्रं त्याच संध्याकाळी पाठवली. मंगळवारी सकाळी ती माझ्या डोळ्यांसमोर बसून घरभेटीची पानं खोडत होती.

"हे का खोडतेस?"

"तिथं जे पाहिलं ते वापरता येणार नाही, मिस ऑपल. ते मी पाहायलाच नको होतं. पण मग ऑर्विलचा निर्णय करू कशावर? तो जायचा मागच्या विंगमध्ये, आणि ते माझ्यामुळे."

मी म्हटलं, "तू तिकडं जाऊ शकत नाहीस. पण घर इकडं येऊ शकेल ना?"

तिनं पेन खाली ठेवलं.

"अगं, तालमीला कधी खरी भिंत असते का? जमिनीवर चिकटपट्टी मारतात. इथं दार, इथं जिना, इथं पलंग. मुलगी तिच्या बापाच्या घराची मापं तर घेऊ शकते? त्याला कुठलं मंडळ अडवतंय?"

तिचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही. तिनं मंडळाच्या कचेरीत फोन करून आधी विचारून घेतलं. आता ती सगळंच आधी विचारून घ्यायला लागली होती. तिकडच्या बाईनं सांगितलं, मापं घरच्यांनी पाठवली आणि तपासणी नेब्रास्कात झाली तर काही हरकत नाही.

मर्ना टेप घेऊन घरी गेली आणि तिथून फोनवर एकेक आकडा सांगायला लागली. उंबरठा दीड इंच. ओटा आणि टेबल यांच्यामधलं अंतर तीन फूट. न्हाणीघराचं दार अठ्ठावीस इंच, डावीकडे उघडणारं. जेवणघरातली टेबलं बाजूला सरकवली. मी खुर्चीत बसून हुकूम सोडत होते, शेल्बी गुडघ्यांवर रांगत निळी पट्टी चिकटवत होती, आणि ज्या म्हाताऱ्यांना चालता येत होतं ते सगळे भोवती उभे राहून चुका काढत होते.

"ही भिंत वाकडी आहे."

"ऑर्विलच्या घरातल्या सगळ्याच भिंती वाकड्या आहेत. मी तिथं जेवलोय."

"अहो, न्हाणीघरात उभे आहात तुम्ही. लाज बाळगा!"

मुदपाकखान्यातून एका चुलीची विजेची शेगडी आणली, खरी किटली, खरी कॉफी. अंघोळीच्या टबाच्या जागी त्याच उंचीचं बाक. बुधवारी संध्याकाळी चारला ऑर्विल दाराशी आला. निळ्या पट्टीसमोर थांबला. 

त्यानं टोपी काढली, जिथं खुंटी असायला हवी तिथं हात नेला, आणि खुंटी नाही म्हणून टोपी मर्नाकडे दिली. मग उंबरठ्याच्या फळीवरून पाऊल उचलून आत आला. आपलं घर त्यानं ओळखलं होतं. किटली भरली. शेगडी लावली. कॉफी केली. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि शेल्बीनं हात वर करून गप्प केलं.

कप घेऊन तो वळला, आणि किटली बाजूला असली तरी शेगडी तशीच लाल. ती त्याच्या डावीकडे राहिली होती. शेल्बीनं वाट पाहिली. एक मिनिट. दोन. त्यानं मान वळवली नाही. न्हाणीघराकडे निघाला आणि डावीकडच्या पट्टीवरून, म्हणजे भिंतीतून, सरळ आरपार चालत गेला. खरं घर असतं तर चौकट खांद्यावर बसली असती आणि तो गरम कॉफीसकट खाली. मग त्यानं पुन्हा केलं. तीनदा केलं. एकदा शेगडी आठवली, दोनदा नाही.

या सगळ्या खटाटोपानंतर, स्वतःचा परवाना पणाला लावल्यानंतर, ती त्याला पास करणार हे आम्ही गृहीत धरलं होतं. जेवणघरातल्या प्रत्येकानं धरलं होतं. ती त्याच्यासमोर खाली बसली, या वेळी उजवीकडे, म्हणजे त्याला नीट दिसेल अशी.

"मिस्टर ऑर्विल, एकट्यानं नाही."

कुणाला काही कळेना. ऑर्विलचा चेहरा पांढरा पडला.

"तू कागदाचं घर केलंस," तो म्हणाला, "आणि त्यातूनही मला बाहेर काढलंस?"

"बाहेर नाही काढलं. एकट्यानं नाही, एवढंच म्हटलं. सोबत कुणी असेल तर जा. दोन महिने. मान तोवर आणखी वळेल. आज तीनातून एकदा शेगडी आठवली. आला होतात तेव्हा स्वतःची बाही आठवत नव्हती."

"आणि सोबत कोण? ढग?"

"मी," मर्ना म्हणाली. तिलाच आपल्या आवाजाचा धक्का बसलेला दिसला. "शाळेला सांगते. वर्षाची उरलेली रजा काढते."

"तू मला खायला काय घालणार? तुला अंडं उकडता येत नाही."

"तुम्ही शिकवा. डावीकडची शेगडी वापरून."

शुक्रवारी तो घरी गेला. जाताना शेल्बीशी बोलला नाही.

मे महिन्यात माझं हाड जुळलं आणि मी घरी आले. तपासणीला म्हणून आठवड्यातून दोनदा जायची. साउथ डकोटाच्या मंडळानं शेल्बीची सुनावणी फोनवर ठेवली होती. एजन्सीनं काँट्रॅक्ट रद्द केलं नव्हतं, पण पुढचंही दिलं नव्हतं. निकालावर सगळं. त्या सकाळी मी मुद्दाम गेले. ती त्याच लांबट खोलीत बसली होती, केस विंचरलेले, दोन्ही नाड्या बांधलेल्या, समोर फोन. जॅनेलबाई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

पलीकडे पाच माणसं. अध्यक्षीणबाईंचा आवाज कोरडा, कापड फाडत गेल्यासारखा. पंधरा मिनिटं प्रश्न. कधी कळलं? कळल्यावर काय केलं? रुग्णाला त्या अवस्थेत सोडलं का? त्या मुलीला पट्टा धरायला आधी शिकवलं होतं का? शेल्बी प्रत्येक वेळी "हो मॅडम", "नाही मॅडम" म्हणत उत्तर देत होती. एकदाही "पत्ता चुकीचा होता" असं म्हणाली नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

ओरडलं दुसरंच कुणीतरी. दार धाडकन उघडलं. ऑर्विल, काठी टेकत, मागे धापा टाकणारी मर्ना.

"काय गं केंटकी, चालू झालं? ऐका हो तिकडचे! त्या पोरीनं माझ्या घरात काही केलं नाही! पायरीवर बसून राहिली! कॉफीचा घोटसुद्धा घेतला नाही, मला अपमान वाटला!"

"कोण बोलतंय?" अध्यक्षीणबाई.

"तुमचा मतदार!"

"मिस्टर ऑर्विल, बसा," शेल्बी हलकेच म्हणाली. तो बसला. बसताना त्यानं मान डावीकडे वळवून खुर्ची कुठं आहे ते पाहून घेतलं. हे शेल्बीनं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनावणीत नव्हतं आलं.

पलीकडे आवाज बंद करून त्यांचा विचारविनिमय चालला. सहा मिनिटं.  मग ठक्क असा आवाज झाला आणि बाई परत आल्या.

"मिस स्पर्लॉक, तुम्ही या राज्यात परवान्याशिवाय काम केलंत, हे सिद्ध आहे, कारण ते तुम्हीच सिद्ध केलंत. अनवधानानं घडलं, कळताच थांबलात, आपणहून कळवलंत. मंडळ तुम्हाला लेखी समज देत आहे. नेब्रास्काच्या मंडळाशी आमचं बोलणं झालं आहे, तेही तुमचा परवाना कायम ठेवत आहेत."

मर्नानं माझा हात एवढा दाबला की अंगठी रुतली.

"मात्र ही समज तुमच्या दप्तरात राहील. ती पुसली जात नाही. यापुढं कुठल्याही राज्यात अर्ज कराल तेव्हा, तुमच्यावर कधी कारवाई झाली आहे का, या प्रश्नाला 'होय' लिहावं लागेल आणि खुलासा द्यावा लागेल. आज, दहा वर्षांनी, निवृत्तीच्या आदल्या वर्षीसुद्धा. हे तुम्हाला समजतं आहे?"

"समजतंय मॅडम."

मी तिच्याकडे पाहत होते. वाटलं होतं, ती ओट्याला टेकेल, उचकी लागेल, निदान डोळे मिटेल. चोवीस वर्षांची मुलगी, पहिलंच काम, आणि जन्मभराचा डाग. जॅनेलबाई रडत होत्या. ऑर्विल टोपीची कड चावत होता.

शेल्बीनं फाइल उघडली. परवान्याच्या मागे कोऱ्या अर्जाची पानं होती. तिनं ती फोनसमोर पसरली आणि पेनाचं टोपण काढलं.

"तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं. असं विचारतात आणि फोन ठेवतात, त्या सुरात.

"सांगायचं नाही मॅडम, एक विचारायचंय. तुमच्याच राज्याच्या परवान्याचा अर्ज भरतेय आणि त्या प्रश्नाखाली दोनच ओळींची जागा आहे. वेगळा कागद जोडला तर चालेल का?"